तुम्ही विचारलंत म्हणून: एका आकड्यात दर का लिहीत नाही?

कोल्हापुरात लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना, अगदी दवाखान्याच्या बाकावरही मला हाच प्रश्न येतो. "घरांच्या बाजारावर इतकी वर्षं लिहिताय, मग राजारामपुरीत स्क्वेअर फूट काय चाललंय ते एका आकड्यात का सांगत नाही?" काहीजण पुढे म्हणतात, बिल्डरांना घाबरता का. ते फार लागतं.

मी आकडा लिहायचो. दर तीन महिन्यांनी भागवार तक्ता द्यायचो आणि लोक तो कापून ठेवायचे. प्रत्येक भागातल्या तीन एजंटांना फोन करायचा, तिघांचं जुळलं की आकडा पक्का. तीन तोंडांतून एकच भाव आला म्हणजे पडताळणी झाली, असं मी मनापासून मानत होतो.

मग एका पावसाळ्यात एक गृहस्थ कार्यालयात आले. साठी ओलांडलेली, प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या तक्त्याचं कात्रण. "हे तुम्हीच लिहिलंय न्हवं?" मंगळवार पेठेतलं वडिलोपार्जित घर. धाकट्या भावाचा हिस्सा देऊन ते घर त्यांना ठेवायचं होतं. भाव ठरेना, तेव्हा धाकट्यानं हा तक्ता बैठकीत पुढे ठेवला. छापील कागद म्हटल्यावर पाहुणेमंडळी गप्प बसली. हिस्सा तक्त्यातल्या दरानं ठरला. काकांनी निवृत्तीचे पैसे घातले, वर कर्ज काढलं. वर्षाच्या आत शेजारचं तसंच घर बऱ्याच कमी पैशांत गेलं. ते भांडायला आले नव्हते. "आकडा कुठनं आणला, एवढंच सांगा," म्हणाले.

मी म्हणालो, तक्त्याखाली 'दर अंदाजे' असं लिहिलंय. वाटणीसाठी अधिकृत मूल्यांकन करून घ्यायला हवं होतं. दोन्ही खरं होतं, आजही आहे. पण त्या माणसासमोर मी पहिल्यांदा हेच बोललो, याची लाज गेलेली नाही. ते चहा न घेताच उठले. जाताना सांगितलं, भाऊ आता घरी येत नाही.

मग मी शोध घेतला. तिन्ही एजंटांचा आकडा एकाच व्हॉट्सॲप मेसेजमधून आला होता, एका नव्या इमारतीच्या दरपत्रकातून. तो मागितलेला भाव होता, कुणी दिलेला नव्हता. शिवाय नव्या फ्लॅटचा, आणि तोही सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून मोजलेल्या क्षेत्राचा. चटई क्षेत्र, म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा, की सुपर बिल्टअप, हे तक्त्यात मी लिहिलंच नव्हतं. तो आकडा दोन भावांनी जुन्या कौलारू घराला लावला.

तेव्हापासून मी नोंदणी झालेल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले गोषवारे, काढतो. मोबदला म्हणजे दस्तात दाखवलेली किंमत, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, तारीख, सगळं त्यात असतं. तुम्ही म्हणाल, मग झालं की काम! नाही झालं. मुद्रांक शुल्क मोबदला आणि रेडीरेकनरचं, म्हणजे सरकारी दरतक्त्याचं, मूल्य यांतल्या जास्त रकमेवर बसतं. मोबदला त्याच्या बराच खाली दाखवला तर आयकरही पाठीशी लागतो. त्यामुळे कितीतरी मोबदले रेडीरेकनरला चिकटलेले दिसतात, आणि वरची रोख दस्तात येत नाही. करारनामा बांधकाम चालू असताना होतो, खरेदीखत ताब्यानंतर. दोन्ही मोजले तर एकच फ्लॅट दोनदा विकला जातो, दुसऱ्यांदाही जुन्याच भावानं. बक्षीसपत्रं, हक्कसोडपत्रं म्हणजे विक्रीच नव्हे, ती हातानं वेगळी काढावी लागतात. गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर चटई क्षेत्र मिळतं, किती फ्लॅट बुक झाले ते मिळतं, पण तेही विकासकानंच भरलेलं.

एजंट खोटं बोलतात, असं माझं म्हणणं नाही. २०१९च्या महापुरानंतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडचा भाव विचारला, तर ते पुराच्या आधीचाच सांगायचे. त्या भावानं कुणी घेतलं का, असं विचारलं की फोनवर शांतता. दस्तात न येणारी माहिती मला त्या शांततेनंच दिली, म्हणून फोन मी अजूनही करतो.

जुना मी अधूनमधून वाद घालतो. तू आकडा दिला नाहीस म्हणून लोक थांबतात का? तेच दरपत्रक त्यांना एजंटकडून मिळतं, तुझ्या गाळणीशिवाय. त्याचं हे म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

आता तक्त्यात किमान आणि कमाल भाव असतो, चटई क्षेत्रावर, किती दस्तांवरून काढला त्या संख्येसह. दस्त पाचापेक्षा कमी असले की रकाना मोकळा. गेल्या वेळी मंगळवार पेठेपुढे काहीच छापलं नाही, आणि सकाळपासून त्याच रकान्यासाठी फोन येत होते.