तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रॅम पार्सन्समध्ये एवढं काय आहे?

"ज्याची एक रेकॉर्ड धड खपली नाही, त्याचं एवढं काय कौतुक?" घरी गाणी ऐकायला येणारे कधी ना कधी हे विचारतातच. ग्रॅम पार्सन्स हा अमेरिकी गायक; कंट्री, म्हणजे तिथल्या गावाकडच्या गाण्याची, रॉकशी सांगड घालणारा. नाव आधीपासून ठाऊक असलेल्यांना बहुधा त्याच्या प्रेताची गोष्ट तेवढी ठाऊक असते. ती आधी उरकतो. १९ सप्टेंबर १९७३ रोजी कॅलिफोर्नियात, जोशुआ ट्रीच्या एका मोटेलात, दारू आणि मॉर्फिनपायी तो गेला. वय २६. मित्राला दिलेला शब्द पाळायचा म्हणून रोड मॅनेजर फिल कॉफमननं लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून शवपेटी पळवली, वाळवंटात नेली आणि पेट्रोल ओतून पेटवली. दंड झाला तो पेटी चोरल्याचा. आपल्याला जाळण्याचं नवल नाही, चोरण्याचंच. असो.

पोरगा पैसेवाल्या घरचा. आजोळच्या फ्लॉरिडात संत्र्यांच्या बागा. पण तो बारा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली, पुढे आई दारूनं गेली. हार्वर्डला जेमतेम एक सत्र टिकला.

१९६८ मध्ये तो 'द बर्ड्स' या नावाजलेल्या रॉक बँडमध्ये शिरला आणि त्यांना थेट नॅशव्हिलला, कंट्री संगीताच्या माहेरी घेऊन गेला. लांब केसवाली पोरं तेव्हा कंट्रीला जुनाट, कर्मठ लोकांचं गाणं समजत आणि नॅशव्हिलवाले या पोरांना वाया गेलेली. 'ग्रँड ओल ऑप्री' या तिथल्या मानाच्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर ठरलेलं गाणं सोडून यानं स्वतःचं 'हिकरी विंड' आजीच्या नावानं गायलं. आयोजक चिडले. काही महिन्यांत बँडही सुटला. कारण, दक्षिण आफ्रिकेचा दौरा नको. वर्णभेदाला विरोध म्हणून, असं तो म्हणाला. बँडमधला सोबती ख्रिस हिलमनला ते कधीच पटलं नाही, आणि मलाही पूर्णपणे पटत नाही. रोलिंग स्टोन्स या इंग्रजी रॉक बँडची संगत त्याला जास्त गोड होती.

मग हिलमनलाच घेऊन 'फ्लाइंग बरिटो ब्रदर्स' काढला. १९६९ च्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर कंट्री गायकांचा झगमगीत सूट, पण भरतकाम गांजाच्या पानांचं, अफूच्या बोंडांचं, गोळ्यांचं. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत हा अल्बम १६४ व्या क्रमांकाच्या वर चढला नाही. पुढे बँडनं यालाच काढलं, आणि बरोबर केलं. साहेब कामाला दांडी मारायचे.

आवाज? माझ्या एका मित्रानं पहिल्यांदा ऐकून सांगितलं, "अरे, हा कच्चा आहे." आहेच. सूर लागता लागता निसटतो. पण १९७२ मध्ये त्याच्यासोबत एमिलू हॅरिस गायला लागली. वॉशिंग्टनच्या क्लबांत गाणारी, तोवर फारशी कुणाला माहीत नसलेली. आपल्या कानांना एकाच सुराची सवय. दोन गळे एकाच वेळी दोन वेगळ्या सुरांवरून चाललेत, हे आधी खटकतं. 'लव्ह हर्ट्स' ऐका. तो ओळीच्या शेवटी डळमळतो आणि ती वरच्या सुरावरून त्याच्या बरोबरच शब्द सोडते. पुढे जात नाही, सावरायलाही धावत नाही. हे जमवायला मोठा कान लागतो, आणि तो तिचा.

ते गाणं ज्या अल्बमवर आहे, तो 'ग्रीव्हस एंजल', १९७४ मध्ये, तो गेल्यावर आला. तोही खपला नाही. एमिलू मात्र पुढची कित्येक वर्षं त्याची गाणी गात राहिली, नॅशव्हिलच्या मंचांवरसुद्धा.

विचारणाऱ्यांना मी तेवढं एकच गाणं लावून दाखवतो. संपलं की बहुतेक जण म्हणतात, "ती बाई कोण? तिचंच लाव ना." मी लावतो.