ड्रॉ सोपा होता म्हणे

21 डिसेंबर 2024, शनिवार. ब्लूमिंग्टन.

काल रात्री संपला एकदाचा आपल्या इंडियाना विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम. नोटर डेम 27, इंडियाना 17. आकडे वाचून सामना चुरशीचा झाला असं वाटेल, पण शेवटची दीड-दोन मिनिटं उरली तेव्हा 27-3 होतं. मग आपल्या पोरांनी दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू थेट त्यांच्या टोकाच्या रेषेपार नेला. तोवर अर्धे शेजारी कोट चढवून घरी गेले होते.

सामना खरा हातचा गेला तो पहिल्याच क्वार्टरमध्ये. आपल्या कर्टिस रोर्कचा पास त्यांच्या गोलच्या तोंडाशी, दोन यार्डांवर, त्यांच्या पोराने पकडला. लगेच पुढच्याच डावाला त्यांचा जेरेमाया लव्ह तिथून जो सुटला, तो 98 यार्ड कुणाच्या हाती लागला नाही. मी हातात प्लेट घेऊन तशीच उभी.

हरण्याचं वाईट वाटलंच. पण सकाळपासून पंडितांचं जे चाललंय त्याने डोकं फिरलं. इंडियानाला बारा संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, घ्यायलाच नको होतं, ड्रॉ, म्हणजे वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी, सोपा होता, वगैरे.

अहो, ड्रॉ काय पोरांनी काढला? आमच्या विद्यापीठांच्या लीगचं नाव 'बिग टेन' आणि संघ अठरा! त्यात प्रत्येकाच्या वाट्याला आपसातले सामने नऊच. आपण त्यातले आठ जिंकलो, हरलो ते एकट्या ओहायो स्टेटशी, 38-15. पेन स्टेटचंही हुबेहूब तेच: आठ जिंकले, ओहायो स्टेटशी हरले. दोघांची गाठच पडली नाही. मग कागदावर गणित मांडलं आणि इंडियानापोलिसच्या बिग टेन फायनलला पेन स्टेट गेली. फायनल आमच्या घरापासून तासाभरावर, आणि आम्ही टीव्हीसमोर.

2023 मध्ये हाच संघ बारापैकी तीन सामने जिंकला होता. मग प्रशिक्षक म्हणून कर्ट सिग्नेटी आले. आल्या आल्या म्हणाले, मी जिंकतो, गूगल करून बघा. मला तेव्हा हा माणूस अगदी फुशारक्या वाटला. जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून येताना तिथली डझनभर पोरं सोबत घेऊन आले. आणि मग नेब्रास्काला 56-7. गतविजेत्या मिशिगनला 20-15. पर्ड्यूला 66-0, म्हणजे शेजाऱ्याला एवढं धुवायचं नसतं, पण मी उठून नाचले. एका हंगामात दहा विजय या विद्यापीठाने 1887 पासून कधी पाहिले नव्हते. यंदा अकरा झाले.

दुपारी बाबांचा फोन आला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की जेवणखाण विसरणारा माणूस; या अमेरिकन खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

"काय झालं गं तुझ्या पोरांचं?"

"हरली."

"कुणाशी?"

"इथल्याच, याच राज्यातल्या कॉलेजशी. 1991 नंतर पहिल्यांदाच खेळले."

"मग लई लागलं असंल," म्हणाले. पुढे काही विचारलं नाही. बरं वाटलं.

पुढच्या वर्षीच्या सामन्यांची यादी आत्ताच पाहिली. तगडी ऑरेगनही आहे आणि पेन स्टेटही. दोन्ही त्यांच्या मैदानावर.