सागाची पानं

"आमची बाटली तुमच्या नातवंडांनाही पुरेल!" हे वाक्य म्हणताना दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या, आमच्या जाहिरातीतल्या नायकाला सहाव्यांदा हसू फुटलं. सकाळचे साडेसात, मालवणातला चिवल्याचा किनारा. हातात प्लास्टिकची साधी बाटली, तिच्याभोवती सागाची दोन मोठी पानं, वरून सुंभ गुंडाळलेला. पोरांनी तिचं नाव ठेवलं होतं 'पर्णजल'.

मी माध्यमांचा विषय शिकवते. वर्गाला जाहिरातीचं विडंबन करायला दिलं होतं आणि पर्यावरणाच्या नावाने माल खपवणाऱ्या जाहिराती हा विषय मुलांनीच निवडला. पहिली संहिता मात्र मी परत केली. तिच्यात कारखानदार मिशा पिळत समुद्रात विष ओतत होता. ते खोटं होतं. अशा जाहिरातीत कुणी मिशा पिळत नाही. मागे बासरी वाजते, एक लहान मूल रोप लावतं आणि मऊ आवाजात दोन-तीन शब्द येतात. विडंबन त्या शब्दांचं करायचं, म्हणजे आधी ते शब्द नीट वाचायला हवेत. मी म्हटलं, घरात हिरवं पान छापलेलं जे जे वेष्टन असेल ते घेऊन या.

टेबलावर ढीग पडला. शाम्पू, साबण, बिस्किटं, कचऱ्याच्या पिशव्या. 'निसर्गस्नेही' म्हणजे नेमकं काय? बाटली, आतला शाम्पू, की नुसतं झाकण? एका मुलीने हे विचारलं आणि तिथून आमचं काम खरं सुरू झालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये अशा फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हाच प्रश्न आहे: दावा वस्तूबद्दल आहे की वेष्टनाबद्दल ते सांगा, आणि पुरावा दाखवा. अशा खोट्या हिरव्या मुलाम्याला 'ग्रीनवॉशिंग' म्हणतात; त्या शब्दाची गोष्ट ऐकून तर मुलं सावरूनच बसली, कारण ती आमच्यासारख्याच किनाऱ्यावरची निघाली. जे वेस्टरवेल्ड हा अमेरिकन तरुण फिजी बेटांवर गेला होता. तिथल्या हॉटेलात, समुद्र वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा, अशी चिठ्ठी होती आणि शेजारीच हॉटेलचं नवं बांधकाम चाललं होतं. 1986 मध्ये त्याने हा शब्द वापरला. तारकर्ली-देवबागच्या पोरांना त्यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यांत चांगला प्रसंग मात्र इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या प्रयोगातून मिळाला. 'जैवविघटनशील' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं समुद्रात किंवा मातीत राहिली, तरी तिच्यात बाजार भरून नेता येत होता. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. आमच्या जाहिरातीत आजोबा त्याच पिशवीतून नारळ आणतात आणि अभिमानाने म्हणतात, "तीन वर्षं खाऱ्या पाण्यात, तरी शिवण उसवली नाही!" एक अक्षर वाढवावं लागलं नाही. खरं तसंच्या तसं ठेवलं आणि वर्ग पोट धरून हसला. मला विडंबनात हवं असतं ते हेच.

तर त्या सकाळी सातव्यांदा वाक्य घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात पलीकडून हाका आल्या. रापण ओढायला माणसं कमी पडत होती. मुलांनी कॅमेरा तिपाईवर तसाच चालू ठेवला आणि सगळी दोरीला लागली. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात टाकलेलं ते जाळं दोन्ही टोकांनी हाताने ओढायचं, तासाभराचं काम. तळहात सोलले, पण कुणी दोर सोडला नाही.

जाळ्याचा खोला वाळूवर आला. पेडवे, थोडे बांगडे, आणि त्यांच्यात गुंतलेल्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, तुटक्या जाळ्याचे तुकडे. एका वेष्टनावरचं हिरवं पान अजून लख्ख होतं. नायकाने ते उचललं आणि बराच वेळ बघत राहिला. दुसऱ्या हातात पर्णजल होतंच.

मासे निवडणाऱ्या मावशींनी मान वर केली. "बाटलेक पानां बांधलास म्हणान ती कुसतली काय रे झिला?"

त्याला उत्तर सुचेना. संहितेतलं वाक्यही आठवेना. तो खाली बसला आणि मावशींच्या बाजूला प्लास्टिक वेगळं काढू लागला. बाकीची मुलंही बसली. मी काहीच बोलले नाही. माझा घसा भरून आला होता.

संध्याकाळी चित्रण पाहिलं तर मावशींचा प्रश्न स्पष्ट ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन परवानगी घेतली, आणि आमची जाहिरात त्या प्रश्नावरच संपवली. बासरी तिथे काढून टाकली, फक्त लाटांचा आवाज ठेवला.

पण त्या सकाळचं एक राहिलं. आम्ही निघालो तेव्हा मावशींनी ओंजळ ओंजळ पेडवे पुढे केले. "घेवन जावा. रापण ओढलास मां!" रापणीला हात लावला की वाटा मिळतो, ती इथली रीत आहे. घ्यायचे कशात? मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग नायकाने बाटलीचा सुंभ सोडला, सागाची पानं सोडवून वाळूवर पसरली, आणि मावशींनी त्यांत पेडवे घालून पुडा बांधून दिला.