ईएसएलला घाबरून नाही म्हणू नका

दरवर्षी उन्हाळा आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहू की इंग्लिश? आणि खाली लगेच चारपाच जण सांगतात, इंग्लिशच लिहा, नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये, म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांना इंग्लिश शिकवायच्या मदतीच्या वर्गात, टाकतील. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. ग्रुपवर दोन ओळीत लिहून काही होत नाही म्हणून आज इथे जरा सविस्तर लिहिते, कारण भारतातून नवीन आलेल्या आईबाबांना हे कोणी नीट बसून सांगत नाही आणि त्यात नुकसान होतं ते मुलांचं.

तो फॉर्म म्हणजे होम लँग्वेज सर्व्हे. मूल पहिल्यांदा बोलायला लागलं ते कुठल्या भाषेत, घरी काय बोलता, मूल जास्त काय बोलतं, असे साधे प्रश्न असतात. त्यात मराठी लिहिलं म्हणून कोणी मुलाला लगेच उचलून वेगळ्या वर्गात बसवत नाही. शाळा आधी मुलाची एक छोटी टेस्ट घेते, तिला स्क्रीनर म्हणतात, आणि ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही गोष्टी बघते. मूल त्यात चांगलं पास झालं तर विषय तिथेच संपला. नाही झालं तर शाळा तुम्हाला पत्र पाठवते की तुमच्या मुलाला इंग्लिशसाठी मदत देणार आहोत, आणि शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते पत्र यायला हवं. मूल वर्षाच्या मध्येच आलं असेल तर मदत सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत. आलं नाही तर ऑफिसला फोन करून विचारा, अगदी बिनधास्त विचारा.

आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ईएसएल आणि स्पेशल एज्युकेशन (शिकण्यात अडचण किंवा अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचं शिक्षण) एकच आहे. नाहीये! ईएसएल भाषेसाठी आहे, मुलाच्या बुद्धीवर तो शेरा नाही. ईएसएलमध्ये आहे म्हणून मुलाला गिफ्टेड प्रोग्रॅमचे, म्हणजे जास्त हुशार मुलांच्या खास वर्गाचे, दरवाजे बंद, असंही शाळेला करता येत नाही. आणि हा शाळेचा उपकार नाही, मुलाचा हक्क आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या पालकांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात केस जिंकली, लाउ विरुद्ध निकल्स म्हणून. कोर्टाने साधारण असं म्हटलं की सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, ज्या मुलाला भाषाच कळत नाही त्याला त्या वर्गातून काहीच मिळत नाही. त्या पालकांनी तेव्हा भांडून जे मिळवलं ते आज आपल्या मुलांना आयतं मिळतंय आणि आपण त्याला लाजतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मदत म्हणजे नक्की काय, तर ते शाळेशाळेवर अवलंबून आहे. पुल-आउट म्हणजे ईएसएल टीचर मुलाला थोडा वेळ वर्गाबाहेर नेते आणि चारपाच मुलांचा छोटा ग्रुप करून शिकवते. पुश-इन म्हणजे ती टीचरच वर्गात येऊन मुलाच्या शेजारी बसते. काही शाळांत वर्गशिक्षिकाच ट्रेनिंग घेतलेली असते आणि विज्ञान, सोशल स्टडीज शिकवतानाच चित्रं, शब्दांच्या याद्या, अर्धी लिहिलेली वाक्यं असं देऊन भाषाही शिकवते, त्याला शेल्टर्ड इन्स्ट्रक्शन म्हणतात. बायलिंग्वल म्हणजे मुलाच्या भाषेतून आणि इंग्लिशमधून शिकवणारे वर्ग पण असतात, न्यू जर्सीत एका भाषेची २० किंवा जास्त अशी मुलं डिस्ट्रिक्टमध्ये (गावातल्या सरकारी शाळांच्या विभागात) असली तर बायलिंग्वलचा नियम लागू होतो, पण आपली मुलं वेगवेगळ्या इयत्तांत विखुरलेली असतात तेव्हा त्याऐवजी दुसरी सोय करायला डिस्ट्रिक्टला परवानगी मिळू शकते, मराठीचा असा वर्ग मी तरी बघितलेला नाही. म्हणून आपल्यासाठी खरा प्रश्न पुल-आउट की पुश-इन हाच. माझं मत विचाराल तर अगदी नवीन आलेल्या मुलाला पुल-आउट चांगलं, कारण तीस मुलांसमोर तोंड न उघडणारं मूल चार मुलांत उघडतं. पण एक नक्की विचारा, की त्या वेळात वर्गात काय चाललेलं असतं. गणिताचा तास बुडत असेल तर वेळ बदलून मागा.

माझ्या चुलत बहिणीची, आमच्या ताईची, मुलगी सांगलीहून इथे चौथीत आली. तिकडे सेमी-इंग्लिशला होती म्हणजे गणित-विज्ञान इंग्लिशमधून, बाकी मराठीतून, आणि महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहेच, त्यामुळे घरच्यांना वाटलं हिला काय अडचण येणार. वाचता यायचं, स्पेलिंग तर वर्गातल्या मुलांपेक्षा चांगलं, पाढे तोंडपाठ. पण टीचर काय बोलते ते कळायचं नाही, त्यांचा उच्चार, तो स्पीड, आणि गणितात आकडेमोड कमी आणि गोष्टीसारखी लांबलचक उदाहरणं जास्त, त्यात इंच-फूट-पाउंड. पोरगी सुरुवातीचे कितीतरी आठवडे वर्गात एक शब्द बोलली नाही. ताई घाबरून गेली, रोज रात्री मला फोन. पण हे अगदी नॉर्मल आहे, याला सायलेंट पीरियड म्हणतात, मूल ऐकत असतं, साठवत असतं. ती पहिल्यांदा बोलली ती ईएसएलच्या छोट्या ग्रुपमध्येच, तिथे एक ब्राझीलचा मुलगा आणि एक कोरियन मुलगी होती आणि तिघांचंही इंग्लिश तोडकंमोडकंच, त्यामुळे कोणी हसायचा प्रश्नच नव्हता.

मग सहा-आठ महिन्यांत मूल मैदानावर फाडफाड बोलायला लागतं आणि आपल्याला वाटतं झालं, आता काढा ईएसएलमधून. थांबा. जिम कमिन्स नावाचे कॅनडातले अभ्यासक आहेत, त्यांनी हा फरक फार आधी दाखवून दिला की गप्पांची भाषा एकदोन वर्षांत येते पण पुस्तकाची, अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मित्राशी फुटबॉलवर बोलणं वेगळं आणि धडा वाचून "लेखकाने असं का म्हटलं, पुरावा द्या" याचं उत्तर लिहिणं वेगळं. चौथी-पाचवीपर्यंत चालून जातं, खरी गाडी अडते ती मिडल स्कूलमध्ये, आणि तेव्हा मदत नसेल तर मुलगा आळशी झालाय असा सगळ्यांचा समज होतो.

दरवर्षी हिवाळ्यात या मुलांची एक टेस्ट असते, आमच्याकडे विडाची अॅक्सेस. विडा ही विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीतून चालणारी संस्था, ४० च्या आसपास राज्यं, प्रदेश वगैरे तिच्यात आहेत. कॅलिफोर्नियात याच कामाची टेस्ट एल्पॅक, टेक्ससमध्ये टेल्पास, न्यूयॉर्कचं आणखी वेगळं. विडाचा स्कोअर १ ते ६ असतो आणि किती आला की बाहेर पडायचं ते राज्य ठरवतं. बोलण्याची परीक्षा बहुतेक मुलं हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर देतात, आपली मुलं तिथे एका वाक्यात उत्तर देऊन मोकळी होतात आणि मार्क जातात. घरी मराठीत का होईना पण "अजून सांग, का, मग काय झालं" असं विचारून लांब उत्तर द्यायची सवय लावा, खूप फरक पडतो. रिपोर्ट आला की नुसता एकूण आकडा बघू नका, चारही भाग वेगवेगळे बघा. आपल्या मुलांचं पुष्कळदा वाचन वर असतं आणि बोलणं खाली.

ईएसएलला नाही म्हणायचा हक्क पालकांना आहे, सही करून नकार देता येतो. पण नकार दिला तरी ती वार्षिक टेस्ट सुटत नाही, मूल पास होईपर्यंत द्यावीच लागते. म्हणजे मदत नाही आणि परीक्षा मात्र आहे! यात काय मिळवलं आपण? आणि इंग्लिश शिकत असलेल्या मुलाला शाळेच्या बाकी परीक्षांत जास्त वेळ, शब्दाला शब्द अशी डिक्शनरी, असल्या सवलती मागता येतात. आणि बाहेर पडल्यावरही शाळेने किमान दोन वर्षं मुलावर लक्ष ठेवायचं असतं, परत अडखळलं तर परत मदत.

अजून एक. ताईला शाळेत कोणीतरी सांगितलं की घरी पण इंग्लिशच बोला म्हणजे लवकर येईल. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसेल पण सल्ला चुकीचा आहे आणि मला त्याचा राग येतो. ज्या भाषेत आईला मनातलं सगळं सांगता येतं, भांडता येतं, गोष्ट ऐकता येते, ती भाषा काढून घ्यायची आणि तिच्या जागी आईचं अडखळणारं इंग्लिश द्यायचं? मराठीत पक्कं वाचणारं मूल इंग्लिश वाचायलाही लवकर शिकतं, कारण गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, मुद्दा पकडणं हे सगळं एका भाषेतून दुसरीत आपोआप जातं. जवळ महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असेल तर रविवारी नक्की पाठवा.

शाळेच्या मीटिंगला जाताना इंग्लिशचं टेन्शन असेल तर इंटरप्रिटर मागा, फुकट मिळतो, फोनवरून पण देतात. मराठी मागा, भारतीय दिसलात की ते हिंदी देऊन टाकतात. मुलालाच दुभाषी करून बसवू नका, स्वतःबद्दलच्या तक्रारी त्याने आईला भाषांतर करून सांगायच्या हे बरोबर नाही.

आणि एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, आलेल्या आयांनो, हे तुमच्यासाठी पण आहे. बऱ्याच पब्लिक लायब्ररीत मोठ्यांसाठी इंग्लिशचे फुकट क्लास आणि कॉन्व्हर्सेशन ग्रुप असतात, व्हिसाचा प्रश्न येत नाही, कार्ड काढायला साधारण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आमची ताई मंगळवारी सकाळी जाते, तिथे तिला दोन तेलुगू आणि एक तुर्की मैत्रीण मिळालीय. तुमच्या गावात कधी असतो ते लायब्ररीच्या काउंटरवर विचारा, आणि दुसऱ्या राज्यातल्या कोणाला तिथले फॉर्म-टेस्टचे नियम माहीत असतील तर खाली लिहा, सप्टेंबरच्या आत सगळं एकत्र करून ग्रुपवर टाकते.