बेन्नूची माती आणि डाव्या-उजव्याचं कोडं

लघुग्रहाची बातमी आली की ती बहुतेक वेळा "पृथ्वीवर आदळणार का" एवढ्यापुरतीच असते. फेब्रुवारी २०२५ मधे २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ साली आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली तेव्हा सगळीकडे तेच चालू होतं, मग आणखी निरीक्षणं आली, कक्षा नीट कळली आणि पृथ्वीपुरता तरी तो विषय मिटला. धोक्यावर लक्ष ठेवायलाच हवं, त्यात वादच नाही. पण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, जानेवारी २०२५ मधे, बेन्नू नावाच्या लघुग्रहावरून आणलेल्या मातीचे निष्कर्ष आले होते आणि माझ्या मते ती त्याहून कितीतरी मोठी बातमी होती, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

बेन्नू म्हणजे जेमतेम अर्धा किलोमीटर रुंदीचा दगडगोट्यांचा ढीग. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने ऑक्टोबर २०२० मधे त्याला हात लावला तेव्हा पृष्ठभाग इतका भुसभुशीत निघाला की यानाचा हात सरळ आतच गेला, आणि माती इतकी भरली की झाकणात खडे अडकून ती बाहेर सांडायला लागली. २४ सप्टेंबर २०२३ ला मातीची कुपी अमेरिकेतल्या यूटाच्या वाळवंटात उतरली. पुढे डब्याचे दोन स्क्रू काही केल्या निघेनात, त्यासाठी वेगळी हत्यारं बनवावी लागली, जानेवारी २०२४ मधे तो एकदाचा उघडला. हाती आली १२१.६ ग्रॅम, म्हणजे मूठभर माती.

त्या मुठीत काय काय निघालं बघा. सजीव प्रथिनं बनवायला जी २० अमिनो आम्लं वापरतात त्यातली १४, डीएनए आणि आरएनए मिळून लागणारे पाचही नायट्रोजनयुक्त बेस, भरपूर अमोनिया, आणि ट्रोनासारखे क्षार, जे खारं पाणी हळूहळू आटत गेलं की मागे राहतात. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे तिथे सूर्यमालेच्या सुरुवातीच्या काळात खारं पाणी होतं! हे क्षार पृथ्वीवर पडलेल्या अशनींमधे सहसा टिकत नाहीत, हवेतल्या दमटपणानेच ते विरघळून जातात, म्हणून तर माती नायट्रोजनमधे ठेवतात आणि म्हणूनच एवढा खटाटोप करून थेट तिथून आणण्याला अर्थ आहे. डिसेंबर २०२५ मधे याच मातीत रायबोज आणि ग्लुकोज या साखराही सापडल्याचं जाहीर झालं. रायबोज आरएनएला लागते. डीएनएला लागणारी डीऑक्सीरायबोज मात्र मिळाली नाही, त्यामुळे सजीवांच्या सुरुवातीला डीएनएच्या आधी आरएनए आलं असावं या मताला थोडं बळ मिळतं.

यात जीव सापडला असं कुणीही म्हणत नाहीये, कच्चा माल सापडलाय.

मला सगळ्यात जास्त गुंतवणारी गोष्ट वेगळीच आहे. अमिनो आम्लं डाव्या आणि उजव्या अशा दोन रूपांत असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा, आणि पृथ्वीवरचे सजीव प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावीच वापरतात. का, ते माहीत नाही. काही अशनींमधे डाव्यांचं प्रमाण जास्त दिसलं होतं, त्यावरून हा कल अवकाशातूनच आला असेल असं बऱ्याच जणांना वाटत होतं. बेन्नूमधे मात्र दोन्ही जवळपास सारखीच निघाली! म्हणजे इतकी वर्षं पटत आलेलं उत्तर आता डळमळीत झालंय, आणि हे असं होणं मला त्या १४ अमिनो आम्लांच्या आकड्यापेक्षाही मोलाचं वाटतं.

मंगळाचंही असंच आहे. तिथे फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने जुलै २०२४ मधे बिबट्यासारखे ठिपके असलेल्या खडकाचा नमुना घेतला, त्या ठिपक्यांत व्हिव्हियानाइट आणि ग्रेगाइट असावीत असं सप्टेंबर २०२५ च्या शोधनिबंधात आलं. पृथ्वीवर ही खनिजं सूक्ष्मजीवांमुळे बनतात, पण त्यांच्याशिवायही बनू शकतात, आणि यातलं नक्की काय हे नमुना इथल्या प्रयोगशाळेत आल्याशिवाय ठरणं फार अवघड आहे. तो आणायचा कार्यक्रम खर्चापायी रखडलाय याचं खरंच वाईट वाटतं.

बेन्नूच्या मातीतला किमान ७० टक्के भाग मात्र मुद्दाम राखून ठेवायचं ठरलंय, अजून तयारही न झालेल्या उपकरणांसाठी आणि कदाचित अजून जन्मालाही न आलेल्या संशोधकांसाठी.