तुम्ही विचारलंत म्हणून : फोनमध्ये जीपीएस असताना ही वेगळी डबी कशाला?

नेरूळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक लहानशी काळी डबी चिकटवलेली दिसते आणि तिच्याविषयीचा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. "काका, फोनमध्ये जीपीएस आहेच की! मग ही वेगळी कशाला, आणि ती फोनला जोडायची कशी?" विचारणारे बहुतेक जण नुकतेच एखाद्या ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते त्या दिवसाला, जाऊन आलेले किंवा जायच्या तयारीत असतात, रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमर यांसारखे लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीची, वेळ मोजणारे ॲप त्यांच्या फोनवर असते आणि आधी जीपीएस रिसीव्हर, म्हणजे ही डबी, घ्यावा की ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये बसून इंजिनाची माहिती फोनला देणारे उपकरण, हे त्यांना ठरवायचे असते. उभ्याउभ्या दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून येथे सविस्तर लिहितो. माझे मत असे की पैसे आधी रिसीव्हरवर खर्च करावेत, ओबीडीचे नंतर पाहावे, आणि दोन्ही वस्तू घराजवळच एकेक करून जोडून, तपासून मगच ट्रॅकवर न्याव्यात.

फोनच्या जीपीएसला मी कमी लेखत नाही. बहुतेक फोन आपले स्थान सेकंदाला एकदाच ॲपला कळवतात आणि रस्ता शोधायला तेवढे पुरते. ताशी १४० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी मात्र एका सेकंदात सुमारे ३९ मीटर पुढे जाते. ती स्टार्ट-फिनिश रेषा ओलांडते तो नेमका क्षण फोनला दिसतच नाही. त्याच्याकडे रेषेच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन बिंदू असतात, आणि मधला क्षण ॲप हिशेबाने काढते. वेग फारसा बदलत नसेल तर हा हिशेब चांगला जमतो, त्यामुळे नुसत्या फोनवर मिळालेली लॅपची वेळ पुष्कळदा विश्वास ठेवण्याजोगी असते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण फोनची वेळ अगदी खोटी असते असे सांगून डबी विकणारे लोक मला भेटले आहेत.

फोनच्या नोंदीतून खरोखर हरवते ते वळण. ताशी ६० किलोमीटर वेगाने घेतलेले आणि तीन सेकंदांत संपणारे वळण फोनला तीन-चार ठिपक्यांत दिसते. ब्रेक कुठे सोडला, वेग सर्वांत कमी कुठे झाला, गाडीने पुन्हा वेग कुठे घेतला, हे सारे त्या ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत घडून गेलेले असते. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्याकडे फक्त फोन होता. संध्याकाळी खोलीवर बसून नोंदी उघडल्या, तर नकाशावर माझी गाडी एका वळणाच्या आतल्या गवतातून गेलेली दिसत होती, कारण ॲपने दोन दूरचे ठिपके सरळ रेषेने जोडले होते. त्याच वळणातला माझा किमान वेग एका लॅपला ५८, दुसऱ्याला ६७ आणि तिसऱ्याला ६१ असा दिसत होता. मी ते वळण तिन्ही वेळा जवळपास सारखेच घेतले होते. ठिपका कधी वळणाच्या तोंडाशी पडला होता आणि कधी पोटात, एवढाच काय तो फरक. एवढ्या लांब जाऊन ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, तेच नेमके नोंदीत नव्हते.

बाहेरचा रिसीव्हर हीच जागा भरून काढतो. गार्मिन ग्लो २ किंवा ड्युअल एक्सजीपीएस १६० सेकंदाला १० वेळा स्थान सांगतात आणि रेसबॉक्स मिनी २५ वेळा. म्हणजे तीन सेकंदांच्या त्याच वळणात अनुक्रमे ३० आणि ७५ ठिपके मिळतात, आणि रेषा गवतातून न जाता जेथून गाडी गेली तेथूनच जाते. शिवाय हे रिसीव्हर वेग काढताना दोन स्थानांमधले अंतर मोजत बसत नाहीत. उपग्रहाच्या संदेशलहरींच्या वारंवारतेत गाडीच्या गतीमुळे जो बदल होतो त्यावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, ते वेग काढतात. त्यामुळे स्थान दोन-तीन मीटरने चुकलेले असतानाही वेगाचा आलेख पुष्कळच खरा असतो, आणि वळण शिकायला हा आलेखच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

स्थानाच्या या चुकीवरून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण ती पैसे न खर्चता करता येते. तीन मीटरची चूक ताशी १४० वेगाला साधारण आठ शतांश सेकंद खाते, तर ताशी ५० वेगाला ती बावीस शतांशांच्या घरात जाते. म्हणून ॲपमध्ये स्वतःची रेषा आखायची असेल, तर ती मंद वळणाच्या तोंडाशी न आखता सरळ रस्त्यावर, जेथे गाडी वेगात आणि एकसारखी धावते तेथे आखावी.

आता जोडणी. येथे लोक अडतात, आणि अडण्याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असते. ब्लूटूथचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची रीत उलटी आहे. जुन्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथचा रिसीव्हर आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअर करावा लागतो. त्यासाठी आकडा मागितला गेला, तर तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो. त्यानंतर ॲपमध्ये जाऊन तो निवडावा लागतो. नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथ एलई प्रकारात मात्र फोनच्या सेटिंगमध्ये काहीही करायचे नसते. ॲप उघडून तेथूनच थेट जोडायचे असते. आयफोनवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. क्लासिक ब्लूटूथच्या ज्या उपकरणाला ॲपलची मान्यता नाही, त्याच्याशी आयफोनवरचे ॲप बोलू शकत नाही, म्हणून एलई प्रकारचे किंवा आयफोनसाठी बनवल्याचे स्पष्ट लिहिलेले उपकरणच घ्यावे. अँड्रॉइडवर ॲपला स्थानाची आणि जवळची उपकरणे शोधण्याची परवानगी द्यावी आणि बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ते ॲप वगळावे, नाहीतर पडदा बंद होताच फोन ते ॲपच बंद करून टाकतो. यादीत डबी दिसतच नसेल, तर ती शेजारच्या मित्राच्या फोनने आधीच धरून ठेवलेली नाही ना, तेही पाहावे. एलई रिसीव्हर सहसा एका वेळी एकाच फोनशी बोलतात.

जोडलेली दिसणे आणि वापरात असणे यांतला फरक मला एका पूर्ण सेशनची किंमत देऊन कळला. दुसऱ्या वेळी ट्रॅकवर गेलो तेव्हा नवा रिसीव्हर सोबत होता, फोनच्या सेटिंगमध्ये त्याच्या नावापुढे जोडल्याची खूणही होती, आणि मी निर्धास्तपणे वीस मिनिटे गाडी चालवली. परत आल्यावर पाहतो तो ॲपने सारा वेळ फोनचेच जीपीएस वापरले होते, कारण ॲपच्या आत रिसीव्हर निवडायचे राहून गेले होते. तेव्हापासून मी हिरवी खूण पाहत नाही, आकडा पाहतो. ॲपच्या पडद्यावर सेकंदाला किती नोंदी येत आहेत ते दिसते. तेथे १० किंवा २५ च्या जवळपासचा आकडा हवा. १ दिसला, तर डबी कितीही चमकत असली तरी ती कामावर नाही.

ही तपासणी पामबीच मार्गावर करू नका, हे मी हात जोडून सांगतो. वाशीपासून बेलापूरपर्यंतचा तो रुंद, सरळ रस्ता पाहून तरुण मुलांचा हात शिवशिवतो, हे मला ठाऊक आहे. पण तेथे लोक रस्ता ओलांडतात, सायकली असतात, आणि लॅपची वेळ ही रहदारीच्या रस्त्यावर मोजायची गोष्टच नव्हे. जोडणी बरोबर आहे की नाही हे पाहायला गाडीसुद्धा लागत नाही. आमच्याजवळ ज्वेल ऑफ नवी मुंबईमध्ये पाण्याभोवती चालण्याची वाट आहे. रविवारी सकाळी तेथे जाऊन ॲपमध्ये वाटेवर आडवी रेषा आखावी, रिसीव्हर टोपीवर किंवा खांद्यावरच्या पिशवीच्या वर ठेवावा आणि दोन फेऱ्या चालाव्यात. रेषा ओलांडताच ॲपने फेरी मोजली आणि नकाशावरची रेषा पाण्यात न उतरता वाटेवरूनच गेली, की जोडणी झाली असे समजावे. तेथे डोक्यावर मोकळे आकाश मिळते, हे महत्त्वाचे आहे. उंच इमारतींच्या मध्ये भिंतींवर आपटून आलेले संदेश रिसीव्हरला फसवतात आणि मग चांगली डबीही वाईट वाटू लागते.

गाडीत तिची जागा काचेखाली, डॅशबोर्डवर, आकाश दिसेल अशी असावी. डॅशकॅमला खेटून ठेवू नये, कारण काही स्वस्त डॅशकॅम जीपीएसच्या संदेशात खरखर मिसळतात. सेशनच्या दहा मिनिटे आधीच ती मोकळ्या जागी चालू करून ठेवावी. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण सांगायला त्याला साडेबारा मिनिटे लागतात. दूरच्या गावी नेऊन पहिल्यांदाच चालू केलेल्या डबीला थोडी सवड द्यावी लागते ती यासाठी.

ओबीडीकडे या सगळ्यानंतर वळावे. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनांचे जे सॉकेट असते, त्यात डोंगल बसते आणि ते इंजिनाचे फेरे, थ्रॉटल, पाण्याचे तापमान अशी माहिती फोनला देते. भारतात प्रदूषणाच्या भारत स्टेज-४ नियमांखालच्या गाड्यांना ओबीडी-२ एप्रिल २०१३ पासून सक्तीचे झाले, तेव्हा गाडी त्याआधीची असेल तर डोंगल घेण्यापूर्वी कोणाचे तरी मागून लावून पाहावे. येथे ॲप एकेक गोष्ट विचारते आणि गाडी एकेक उत्तर देते, त्यामुळे जितक्या जास्त गोष्टी विचाराल तितकी प्रत्येक गोष्ट उशिरा मिळते. मी फक्त फेरे आणि थ्रॉटल ठेवतो. वेग मुद्दाम घेत नाही, कारण ओबीडीचा वेग पूर्ण किलोमीटरांतच येतो आणि त्यापेक्षा रिसीव्हरचा वेग कितीतरी बारीक असतो. ब्रेकचा दाब आणि स्टिअरिंगचा कोन ओबीडीच्या ठरलेल्या यादीत नाहीतच. त्यासाठी गाडीच्या कॅन वाहिनीवरचे, म्हणजे गाडीतले निरनिराळे भाग ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांवरचे, संदेश थेट वाचावे लागतात, आणि तो निराळा, बराच खटपटीचा विषय आहे.

मी पहिल्यांदा घेतलेले डोंगल बाजारात सर्वत्र मिळणाऱ्या ईएलएम३२७ या ओबीडी चिपच्या नकलांपैकी होते. उभ्या गाडीत ते व्यवस्थित चाले आणि ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या मिनिटाला गप्प होई. ते बदलल्यावर तक्रार संपली, त्यामुळे या बाबतीत काटकसर करू नये असे माझे मत झाले आहे. वायफायचे डोंगल शक्यतो टाळावे; फोनचे वायफाय त्यातच अडकते आणि ॲपवरून ॲक्शन कॅमेरा चालवायचा असेल, तर दोघांची ओढाताण होते.

सॉकेट पायाजवळ असते, म्हणून डोंगल बाहेर आलेले असेल तर क्लच दाबताना बूट त्याला लागतो. माझ्या गाडीत मी एक लहान एक्स्टेन्शन वायर लावून ती पॅनेलच्या खालच्या कडेला प्लॅस्टिकच्या पट्टीने दोन जागी आवळून बांधली आहे, आणि ट्रॅकवर जाण्याआधी तीनही पेडल पूर्ण दाबून ती कुठे अडकत नाही ना हे हाताने चाचपून पाहतो. लोंबणारी वायर पेडलखाली गेली, तर काय होईल ते सांगायला नको. घरी परतल्यावर डोंगल काढूनही ठेवावे, कारण सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू राहतो. एकदा ते तसेच ठेवून आम्ही गणपतीला गावी गेलो होतो आणि बारा दिवसांनी बेसमेंटमध्ये चावी फिरवली, तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे मंदपणे लागले आणि विझले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर जोडून ती सुरू केली आणि त्या दिवसापासून डोंगल ग्लोव्ह बॉक्समध्ये, रिसीव्हरच्या चार्जिंगच्या वायरीसोबत असते.