एकटी गेलीस, भीती नाही वाटली? तुम्ही विचारलंत म्हणून

अंदमानहून परतल्याला दोन महिने झाले. तेव्हापासून कारखान्यातल्या मुली जेवणाच्या सुट्टीत, सोलापूरच्या साखर पेठेतल्या जुन्या शेजारणी रस्त्यात, मावशी फोनवर, सगळ्या मला एकच विचारतात: "एकटी गेलीस? भीती नाही वाटली?" दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगते, आणि रात्री अंथरुणावर पडलं की वाटतं, हे काही खरं उत्तर नव्हे. म्हणून आज नीट सांगते.

भीती वाटली. पण तुम्ही ज्या भीतीबद्दल विचारता, ती नाही. तुमच्या डोळ्यांसमोर असतात माणसं. परका मुलूख, लॉजवरची खोली, अनोळखी रिक्षावाला, रात्रीची वेळ. मला घाबरवलं ते पाण्याने आणि अंधाराने. आणि त्या दोघांपुढे सोबतीला नवरा असो, भाऊ असो की मैत्रीण, तिचा फारसा उपयोग होत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

माझं आणि पाण्याचं नातं सोलापूरच्या कुठल्याही बाईचं असतं तसंच. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणार, तेव्हा सगळी कामं टाकून पिंप, हंडे, बादल्या भरून घ्यायच्या. पाणी म्हणजे साठवायची गोष्ट, त्यात उतरायची नव्हे. मोहोळकडच्या आजोळी मोठी विहीर होती. मामाने माझ्या दोन्ही भावांना पाठीला वाळका भोपळा बांधून तिच्यात ढकललं आणि आठ दिवसांत पोहायला शिकवलं. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. "पोरींना काय करायचंय पोहून" असं कुणी तोंडाने म्हटल्याचं आठवत नाही. तसं म्हणायची गरजच पडली नाही. आज मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याचे हिशोब बघते, आणि फेब्रुवारीत घरातून निघाले तेव्हा मला पोहता येत नव्हतं.

जाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात अवघड काही नाही. सोलापूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचं नाव श्री विजय पुरम झालंय, हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप तर २०१८ लाच झालं, पण बोटीवरचे लोक अजून जुनीच नावं घेतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा जायचा काळ. एरवी तिथे पाऊस असतो, आणि तिथला वर्षाचा पाऊस आपल्या चार-पाच वर्षांच्या पावसाएवढा.

विमानतळावरून घेतलेल्या रिक्षाचा चालक आंध्रच्या किनाऱ्यावरून आलेल्या कुटुंबातला निघाला. मी मराठी घरातली असले तरी साखर पेठेत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या शेजारात वाढले, अक्कांच्या मांडीवर तेलुगू शिकले. त्याच्याशी तेलुगूत बोलले, तर तो माझ्या सोलापुरी तेलुगूवर इतका खूश झाला, की पुढचे दोन दिवस त्यानेच मला फिरवलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीत शिकलेली भाषा पार बंगालच्या उपसागरात उपयोगी पडली, याचं मला अजून अप्रूप वाटतं. माणसांची भीती तिथेच, पहिल्या तासात संपली.

खरी भीती दुसऱ्या दिवशी वाटली. शहराच्या दक्षिणेला चिडिया टापू म्हणून जागा आहे, तिथून मुंडा पहाडकडे जंगलातून पायवाट जाते. वर पोचलं की खाली कडा आणि समोर नुसता समुद्र. मी वर जाऊन बसले. घड्याळात पाचसुद्धा वाजले नव्हते. सोलापुरात फेब्रुवारीत पाचला ऊन कसं असतं, तुम्हाला माहीत आहे. गच्चीवरचे पापडसुद्धा तेव्हा कुणी उचलत नाही. मी त्याच हिशोबाने निवांत बसले आणि साडेपाचच्या आत सूर्य पाण्यात गेला. अंदमान आपल्यापासून पूर्वेला जवळजवळ सतरा रेखांश दूर आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. घड्याळ मात्र तेच, दिल्लीचं आणि सोलापूरचं. हे शाळेत शिकलेलं होतं. अंगाला माहीत नव्हतं.

परतताना झाडीत शिरले आणि वाट दिसेनाशी झाली. गर्जन आणि पडौकची झाडं इतकी उंच की वर आभाळ उजळ असूनही खाली काळोख. मोबाइलच्या उजेडात मुळं आणि दगड सारखेच दिसत होते. एका ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटले. मी थांबले. छाती इतकी धडधडत होती की रातकिड्यांचा आवाज ऐकू येईना. मग आजोबांचं आठवलं: रानात चुकलं की आधी बसायचं, मग ठरवायचं. बसले. पाच मिनिटांनी मागून चार जणांचा घोळका टॉर्च घेऊन आला, त्यांच्या मागे लागून खाली उतरले. त्यांच्यातल्या दोघी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या. चौघं एकत्र होते तरी चुकले तेच, माझ्याच कारणाने. त्या रात्री हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर मी सूर्यास्ताची वेळ लिहिली आणि तिच्याखाली ठळक रेघ मारली: दीड तास आधी परत फिरायचं.

सेल्युलर जेलबद्दल सांगायला हवं, कारण "एकटी" हा शब्द मला तिथे वेगळाच ऐकू आला. १८९६ ते १९०६ असं दहा वर्षं त्याचं बांधकाम चाललं. मधोमध मनोरा आणि त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या जोडलेल्या सात इमारती, त्यांतल्या तीन आता उरल्यात. कोठड्या जवळजवळ सातशे, आणि प्रत्येकीत एकच माणूस. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना, म्हणजे दाराच्या गजांतून बघितलं तरी समोर दुसरा कैदी दिसू नये. सावरकरांची कोठडी पाहिली, १९११ ते १९२१ ते तिथे होते. नंतर मी खालच्या मजल्यावरच्या एका बिननावाच्या कोठडीत जाऊन उभी राहिले. मला आपला चार हुतात्मा चौक आठवला. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्या चौकातून मी रोज बसने जाते, आणि त्या चौघांच्या शेवटच्या रात्रीचा विचार मी कधी केला नव्हता. तो हजार मैलांवरच्या या कोठडीत केला. बाहेर आले, समोरच्या समुद्राकडे बघत बराच वेळ बसले. माणसाला एकटं पाडणं हीच शिक्षा, असं ठरवून कुणीतरी विटांवर विटा रचल्या होत्या. माझं एकटेपण मी तीन वर्षं पैसे साठवून आणि रजा मागून घेतलं होतं. या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो.

बारातांग बेटावर गेले नाही. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी बघायला बहुतेक सगळे तिथे जातात. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. तरी गाडीत बसलेला प्रत्येक जण खिडकीतून कुणी दिसतंय का तेच बघत असतो, असं मला दोघांनी सांगितलं. कुणाच्या अंगणातून त्यांना बघत जायचं, हे मला नको वाटलं. तुमचं मत वेगळं असू शकेल.

हॅवलॉकचा राधानगर किनारा २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला उत्तम किनारा ठरवला होता. तो सुंदर आहेच, उंच झाडी थेट वाळूपर्यंत येते. पण मी तिथे गेले होते पाण्याखाली जायला. पोहता न येणाऱ्यांनाही शिकवणाऱ्याचा हात धरून खाली जाता येतं, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. आधी एक फॉर्म भरून घेतात: दमा, हृदयाचा त्रास, कानाचा आजार. तिथे खोटं लिहू नका, कुणी बघत नसलं तरी. मग कमरेएवढ्या पाण्यात सराव. तोंडाने श्वास घ्यायचा, आणि काही झालं तरी रोखायचा नाही. अंगठा वर केला की "छान" नव्हे, "मला वर न्या" असा अर्थ. बरं चाललंय सांगायला बोटांचं गोल कडं करायचं. दर दहा मीटरला दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो, म्हणून खाली जाताना नाक दाबून कानाकडे हवा ढकलत राहायची.

शिकवणारा बंगाली मुलगा होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. पहिल्यांदा डोकं पाण्याखाली गेलं आणि मी लगेच अंगठा वर केला. दुसऱ्यांदाही. मामाची विहीर, काठ, कपडे, सगळं एकदम अंगावर आलं. तो चिडला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "दीदी, बस साँस गिनो." हिशोब तर मला येतो. एक ते दहा मोजले, परत एक ते दहा. तिसऱ्या दहाला बघते तर आम्ही खाली होतो.

काय दिसलं ते सांगायला शब्द कमी पडतात, म्हणून फक्त दोनच गोष्टी सांगते. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मनगटाला बांधलेला लाल गंडा माझ्या हातात होता. खाली गेल्यावर तो काळपट तपकिरी दिसायला लागला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. वर येताना तो पुन्हा हळूहळू लाल झाला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. मला वाटायचं पाण्याखाली शांतता असते. नसते. सतत काहीतरी करकर, कुटकुट चाललेलं असतं. त्या मुलाने बोट करून दाखवलं: पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेला निळा-हिरवा मासा प्रवाळाचा खडक कुरतडत होता. दगडावरचं शेवाळ तो खातो, आणि पोटात गेलेला दगड पीठ होऊन बाहेर पडतो. त्या किनाऱ्यांच्या पांढऱ्या वाळूत बरीच वाळू अशा माशांनी दळलेली आहे. (हे शेवटच्या दिवशी करू नका. खाली जाऊन आल्यावर विमानात बसायला १८ तास थांबायला सांगतात.)

नीलला मात्र माझी चूक झाली. लक्ष्मणपूरच्या पुढे खडकाची नैसर्गिक कमान आहे, बंगाली लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. तिथे ओहोटीलाच जाता येतं. ज्यांच्या घरी राहिले होते त्या मासींनी पाणी सगळ्यात खाली जाण्याची वेळ सांगितली होती, मी नेमक्या त्याच वेळेला घरून निघाले आणि वर रमत गेले. खडकातल्या डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, इवले मासे; एकेक डबकं बघताना भान राहिलं नाही. पाय ओला झाला तेव्हा मागे बघितलं, तर आलेली वाट पाण्याखाली. शेवाळलेल्या खडकावर घसरले, गुडघा फुटला. किनाऱ्यावरच्या नारळवाल्याने हाका मारून कुठल्या दगडावर पाय द्यायचा ते एकेक करून सांगितलं, तशी बाहेर आले.

मासी जखम धुताना रागावल्या. त्या वेळेनंतर पाणी चढायलाच लागतं, मग त्या वेळेला घरून निघून कसं चालेल? वजाबाकीचंच काम होतं, आणि मी ते केलं नव्हतं. मासींचे आईवडील फाळणीनंतर पूर्व बंगालमधून इथे येऊन वसले, तेव्हा हे बेट म्हणजे नुसतं जंगल होतं. त्यांना माझ्या एकटीने येण्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी मला नवऱ्याबद्दल विचारलं नाही, भरतीची वेळ विचारली का, एवढंच विचारलं. मी सोबत नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांना दिली. चटणी त्यांना आवडली. भाकरी त्यांनी माशाच्या रश्शात बुडवून खाल्ली, आणि आठ दिवस झाले तरी ती बिघडली कशी नाही, याचं त्यांना फार नवल वाटलं.

तर मावशी, हे उत्तर. सूर्य कधी मावळतो, पाणी कधी चढतं, श्वास का रोखायचा नाही, हे ज्यांना माहीत आहे त्यांना विचारायचं आणि ते सांगतील तसं वागायचं. ते मी दोनदा केलं नाही आणि दोन्हीदा घाबरले. पाण्याखाली केलं, तर भीती तिसऱ्या दहाला गेली.

सगळ्यांत एकट्या आईने भीतीबद्दल विचारलं नाही. आल्या दिवशी रात्री जेवताना ती म्हणाली, "पाण्यात काही ऐकू येतं का गं?" मी त्या माशाचं सांगितलं. तिने थोडा विचार केला, ताटातल्या कडक भाकरीचा तुकडा उचलला, कानाजवळ नेऊन मोडला आणि माझ्याकडे बघितलं.

"अस्सा?"

"हो," मी म्हटलं, "अगदी अस्साच."

तिने दुसरा तुकडा मोडला.